कॉलेजमधल्या कर्णबधिर मुलांना बेसिक इंग्रजी लिहायला कसं शिकवायचं?

तुम्ही विचारलंय की एफवायबीकॉमला चार कर्णबधिर मुलं आलीयेत, दोघं साइन करतात म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत बोलतात, दोघांना मशीन लावून थोडं ऐकू येतं, चौघांनाही इंग्रजीत स्वतःचं एक वाक्य धड लिहिता येत नाही आणि तुम्हाला साइन लँग्वेज येत नाही, तर सुरुवात कुठून करू. मी बरीच वर्षं अशाच मुलांना इंग्रजी शिकवतेय म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे त्यांना कॉपी करायला लावणं बंद करा, अगदी उद्यापासून. शाळेतली सगळी वर्षं त्यांनी फळ्यावरचं वहीत उतरवण्यात घालवलेली असतात. वही बघाल तर अक्षर सुंदर, पूर्ण पान भरलेलं, आणि त्या पानात काय लिहिलंय ते विचारलंत तर मूल तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. निबंध पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, अर्ज पाठ. इंग्रजीतून कोणाला तरी स्वतःचं काही सांगितलंय असं आयुष्यात एकदाही घडलेलं नसतं. म्हणून मी नेहमी म्हणते, आधी मुलाला जे सांगायचंय ते त्याच्या भाषेत बाहेर येऊ दे, इंग्रजी त्याच्यानंतर.

आता हे असं का होतं ते समजून घ्या, नाहीतर आपण सरळ 'वीक स्टुडंट' म्हणून मोकळे होतो. गावाकडच्या मराठी मीडियमच्या मुलाचं इंग्रजी कच्चं असतं पण पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्या डोक्यात एक पूर्ण भाषा बसलेली असते, घरात ऐकून ऐकून. कर्णबधिर मुलांपैकी दहात नऊहून जास्त मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, घरात कोणालाच साइन येत नाही, चार-दोन घरगुती खुणांवर काम चालतं, त्यामुळे पहिली भाषाच उशिरा मिळते, काहींना तर थेट शाळेच्या हॉस्टेलमध्ये मोठ्या मुलांकडून. त्यात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची तरतूद आहे, ती सूट योग्यच आहे, पण तिचा परिणाम असा की मराठी माध्यमाच्या विशेष शाळेतून आलेली बरीच मुलं दहावीपर्यंत इंग्रजीला जवळजवळ शिवलेलीच नसतात आणि डिग्रीला अचानक तुमचा पेपर समोर येतो.

तुमच्या चार मुलांमध्येसुद्धा दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र करू नका. ज्यांना मशीनने ऐकू येतं ती मुलं बोलतात छान, म्हणून आपल्याला वाटतं यांना सगळं कळलं. पण बऱ्याच जणांचं ऐकणं वरच्या पट्टीत जास्त गेलेलं असतं आणि इंग्रजीतला 'स' हा आवाज नेमका त्याच पट्टीतला आणि हळू, शब्दाच्या शेवटचे 'ट', 'ड' पण पुसट, आणि 'इज', 'ऑफ', 'द' हे शब्द तर इंग्रज माणूस बोलताना गिळूनच टाकतो. मग 'बुक्स' आणि 'बुक' त्यांना सारखंच, 'वॉक्ड' आणि 'वॉक' सारखंच. ओठांवरून वाचावं म्हटलं तर 'पॅट', 'बॅट', 'मॅट' तिन्ही ओठांवर एकसारखे दिसतात. जे कानावर कधी पोचलंच नाही ते लिहिताना येणार कुठून? अशा मुलांना नुसतं 'एस विसरलास' म्हणून गोल करून उपयोग नाही, तो एस त्यांना डोळ्यांनी दाखवावा लागतो. मी शेवटची अक्षरं लाल खडूने लिहिते, प्रत्येक वेळी, कंटाळा न करता.

साइन करणाऱ्या मुलांचं वेगळं. त्यांची वाक्यं आपल्याला मोडकी वाटतात पण ती नियमाने लिहिलेली असतात, फक्त नियम इंडियन साइन लँग्वेजचे. तिथे वेळ आधी येते, क्रियापद शेवटी, प्रश्नाचा शब्द अगदी शेवटी, 'इज-आर' सारखं काही नाही, 'अ-द' नाही, आणि काम झालं हे दाखवायला 'झालं' अशी एक वेगळी खूण येते. म्हणून मूल लिहितं, 'यस्टरडे आय मार्केट गो', 'युअर नेम व्हॉट', 'आय फूड ईट फिनिश'. बघा ना, किती स्वच्छ अर्थ आहे. मराठीतसुद्धा क्रियापद शेवटीच येतं आणि 'अ-द' नसतं, त्यामुळे हे समजायला आपल्याला उलट सोपं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. फळ्याचे उभे दोन भाग करा. एखाद्याला काल काय केलं ते साइन करून सांगू दे. तुम्हाला कळणार नाही, हरकत नाही, तो चित्र काढेल, ॲक्टिंग करेल, ऐकू येणारा मित्र थोडं बोलून सांगेल (पण त्या मित्राला वर्षभर फुकटचा इंटरप्रिटर बनवू नका, त्यालाही शिकायचंय). जसं साइन केलं त्याच क्रमाने शब्द डाव्या बाजूला लिहा, त्याला चूक म्हणू नका, ते त्याच्या भाषेतलं वाक्य आहे. मग उजव्या बाजूला सगळ्यांनी मिळून इंग्रजी वाक्य बनवायचं आणि काय हललं, काय नवीन आलं ते बाण काढून दाखवायचं. 'गो' शेवटून उचलून 'आय' च्या शेजारी आला, तो 'वेंट' झाला, 'टू द' नवीन आलं. टेनेसी विद्यापीठातल्या किम्बर्ली वोल्बर्स यांनी कर्णबधिर मुलांच्या लेखनासाठी शिक्षक आणि मुलांनी मिळून लिहायची एक पद्धत बसवलीये, तिचा गाभाही साधारण हाच आहे, दोन्ही भाषा समोरासमोर ठेवायच्या आणि मुलांबरोबर बसून लिहायचं.

वाक्याच्या रचनेसाठी मी अजून एक जुनी गोष्ट वापरते, फिट्झगेराल्ड की. एडिथ फिट्झगेराल्ड या अमेरिकेतल्या शिक्षिका स्वतः कर्णबधिर होत्या, 1926 साली त्यांनी ही पद्धत पुस्तकात मांडली. वाक्याचे रकाने पाडायचे, कोण, क्रिया, काय किंवा कोणाला, कुठे, केव्हा, आणि शब्द आपापल्या रकान्यात ठेवायचे. शंभर वर्षं होत आली तरी चालते कारण व्याकरण डोळ्यांना दिसतं. फक्त रकाने भरणं हेच काम होऊन बसू देऊ नका, नाहीतर परत कॉपीसारखंच होतं, दोन-तीन महिन्यांत रकाने काढून घ्या.

आर्टिकल्सच्या मागे पहिल्या टर्मला लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. 'द' चुकला म्हणून कोणाचा अर्थ बदलत नाही. क्रियापदाचा काळ आणि 'इज-आर-वॉज' आधी घ्या. आणि पॅसिव्ह व्हॉइस, हा कॉमर्सच्या मुलांसाठी खरा खड्डा आहे. सत्तरच्या दशकात इलिनॉय विद्यापीठात स्टीफन क्विग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्णबधिर मुलांच्या वाक्यरचनेचा मोठा अभ्यास केला, त्यात दिसलं की बरीच मुलं क्रियापदाच्या आधी सगळ्यात जवळ असलेलं नाम म्हणजे करणारा असंच धरून वाचतात. 'द बॉय वॉज पुश्ड बाय द गर्ल' म्हणजे मुलाने ढकललं. 'द बॉय हू हिट द गर्ल रॅन अवे' म्हणजे मुलगी पळाली. आता अकाउंट्सच्या पेपरात 'महेश वॉज पेड फाइव्ह थाउजंड रुपीज इन कॅश' असं आलं की मूल वाचतं महेशने पैसे दिले, आणि कॅश डेबिट, महेश क्रेडिट अशी अख्खी एंट्री उलटी टाकतं. अकाउंट्सच्या सरांना वाटतं याला डेबिट-क्रेडिट कळत नाही. त्याला उत्तम कळतं, वाक्य कळलेलं नसतं! तुम्ही अकाउंट्सच्या सरांशी जरूर बोला, दोघांनी मिळून अशी वीस-पंचवीस वाक्यं काढा आणि दोन मुलांना उभं करून खऱ्या नोटा हातात देऊन ती करून दाखवा.

लिहायला काय द्यायचं? 'माय फेवरिट सीझन' नको. त्यांना खरोखर जे लिहावं लागतं ते द्या, रजेचा मेल, ऑनलाइन मागवलेली वस्तू चुकीची आली त्याची तक्रार, चुकीच्या नंबरला यूपीआय झालं म्हणून बँकेला मेल, इंटरव्ह्यूला बोलावलंय तिथे इंटरप्रिटर लागेल हे कळवणं. ऐकणारा माणूस ही कामं फोनवर करून टाकतो, यांना ती लिहूनच करावी लागतात, म्हणजे लिहायची गरज आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त. आणि रोज एक व्हॉट्सॲप मेसेज, इंग्रजीत, तुम्हाला, काहीही. एकमेकांशी ती व्हिडिओ कॉलवर बोलतात त्यामुळे लिहिण्याची सवय अशीच लागते. त्या मेसेजमध्ये चुका काढायच्या नाहीत, उत्तर द्यायचं आणि त्या उत्तरात बरोबर रूप आपसूक येऊ द्यायचं. 'आय सिनेमा सी फिनिश' आलं तर 'ओह, यू सॉ अ मूव्ही! विच मूव्ही डिड यू सी?' एवढंच. दिवाळीपर्यंत 'सॉ' त्यांच्या मेसेजमध्ये दिसायला लागतो, आणि तो दिसला की मला फार आनंद होतो.

पेपर तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक बघा. लाल शाईने भरलेलं पान परत मिळालं की मूल पुढच्या वेळी पाठ केलेलंच लिहितं, कारण तिथे चूक होत नाही.

वर्गात मुलं अर्धगोल बसवा म्हणजे एकमेकांचे हात दिसतील, खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका कारण तोंडावर अंधार येतो, आणि फळ्यावर लिहिताना बोलू नका. त्यांना एकाच वेळी फळा आणि तुम्ही दोन्ही बघता येत नाही. लिहा, थांबा, वाचू द्या, मग बोला.

कॅप्शन लावले की झालं असं कोणी सुचवेल, पण ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला इंग्रजी कॅप्शनचा काय उपयोग. मशीन वापरणाऱ्या मुलांना गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब ॲप मराठीत चालू करून द्या, तेवढी मदत होते. तुमच्यासाठी, दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या इंडियन साइन लँग्वेजच्या सरकारी संस्थेची साइन डिक्शनरी नेटवर फुकट आहे, 10,000 शब्दांची, रोज पाच खुणा शिका. आणि त्या मुलांकडूनच शिका, मॅडम आपली भाषा शिकतायत हे बघून मुलं जी खुलतात ती दुसऱ्या कशाने खुलत नाहीत. मुंबईच्या जवळपास असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा, तिथे इंटरप्रिटरचा डिप्लोमा चालतो, त्यामुळे इंटरप्रिटर कुठे मिळेल ते कळू शकेल.

चॅटजीपीटीचं तुम्ही विचारलं नाहीये पण मुलं वापरणारच. मी मनाई करत नाही. मेल तयार करून आणला की माझ्यासमोर तो साइन करून सांगायचा, ओळ न ओळ. जिथे हात थांबतो ती ओळ आम्ही दोघं बसून परत लिहितो.

आणि परीक्षेचं आत्ताच बघून ठेवा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या गाइडलाइनप्रमाणे दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, पण बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं आणि त्यांच्या घरच्यांनाही नसतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का विचारा, विद्यापीठाचा अर्ज आणून चौघांकडून भरून घ्या, आणि ऑफिसकडून पोच लेखी घ्या.