कोकणातील खाडीत होडीने फिरून काठावरची गावे पाहायची आहेत. कोणती खाडी निवडावी, खर्च किती येतो आणि गावकरी अनोळखी माणसांशी बोलतात का?

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. गावकरी बोलतात, जेवू घालतात, रात्री कंदील घेऊन धक्क्यापर्यंत पोचवायलाही येतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

खाडी कोणती, याचे माझे उत्तर वाशिष्ठी. माझे आजोळ तिच्या काठचे आहे, त्यामुळे हे मत निःपक्षपाती नाही, पण त्याला कारणे आहेत. चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून दाभोळपर्यंत ही खाडी डोंगरांच्या कुशीतून वळणे घेत जाते, वाटेत उत्तरेकडून खेडची जगबुडी तिला येऊन मिळते, आणि कोयनेच्या वीजकेंद्रांतून बाहेर पडणारे पाणी याच नदीत सोडले जात असल्यामुळे, इतर कोकणी नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात तेव्हाही हिच्या वरच्या भागात गोड्या पाण्याचा प्रवाह असतो. कांदळवने आहेत, जुवाडे म्हणजे खाडीतली लहान बेटे आहेत, काठावर उन्हाला पडलेल्या मगरी आहेत, आणि मुखाशी एका बाजूला दाभोळचे जुने बंदर व दुसऱ्या बाजूला अंजनवेलचा गोपाळगड आहे.

केरळच्या अनुभवावरून कोकणाचा अंदाज बांधू नये, हे मात्र आधीच सांगतो. तेथील कुट्टनाड भागात राज्याच्या जलवाहतूक विभागाच्या बोटी आपल्या एसटीसारख्या ठरलेल्या वेळी धावतात आणि अलप्पुळा येथून कोट्टायमला कोणीही तिकीट काढून जाऊ शकतो. तेथील पाण्याला भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असतो. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी पुरुषभराहून अधिक चढते आणि तेवढेच उतरते. सकाळी जेथून होडी सुखाने गेली, तेथेच दुपारी चिखलाची भाटी उघडी पडलेली असते.

2009 च्या डिसेंबरात आम्ही सहाजण असेच निघालो होतो. मी, माझी पत्नी, थोरली ताई, तिची दोन मुले आणि आमचे भावोजी. होडी इंजिनाची, लहान, आणि होडीवाले काका साठीच्या पुढचे, पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर मासेमारी करणाऱ्या भोई समाजातले. पौर्णिमा होती. खाडीच्या एका फाट्यातून आत जाऊन जुन्या धक्क्यापाशी जेवायचे, असे ठरले होते. होडी लावतानाच काका म्हणाले, "एकच्या आत निघूया. नंतर भाटीवर पाणी राहायचं नाय." एवढे स्पष्ट सांगितले होते आणि ते आम्ही सर्वांनी ऐकले होते.

जेवण होईपर्यंत ओहोटी लागली. काठावरच्या वाडीतील बायका टोपल्या घेऊन मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला चिखलात उतरल्या. भावोजींनी तेव्हा नवा कॅमेरा घेतला होता. ते फोटो काढू लागले, बायकांनी पदर ओढून पाठ फिरवली, तरी ते काठाकाठाने त्यांच्या मागे गेले. काकांनी दोनदा हाक मारली. भावोजींचे म्हणणे असे की, दिवसाचे पैसे दिले आहेत, तेव्हा निघण्याची वेळ आपण ठरवायची. आम्ही सव्वातीनला निघालो आणि साडेतीनला होडी भाटीवर बसली.

मला भरतीचा हिशेब येत होता. मामाने तो लहानपणीच शिकवला होता: तिथीला पाऊणपट करावी, म्हणजे किनाऱ्यावरील भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे पंधरा, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत जसजसे आत जावे तसतशी ती वेळ पुढे सरकते, म्हणून आम्ही होतो तेथे भरती साधारण साडेबाराची. तीन तास पाणी उतरल्यावर त्या फाट्यातून होडी निघणार नाही, हे मला कळत होते. पण बहिणीच्या यजमानांना चारचौघांत टोकायचे कसे, म्हणून मी गप्प बसलो. ती चूक माझी आहे आणि ती मी आजही मान्य करतो.

चिखल मांडीपर्यंतचा होता आणि काकांनी कोणालाही उतरू दिले नाही. पाणी परत येईपर्यंत सहा तास जाणार होते. लहान भाची रडू लागली. पाचच्या सुमारास वाडीतून चार माणसे आली. चिखलातली त्यांची वाट ठरलेली होती, कोठे पाय रुततो आणि कोठे खाली कातळ आहे हे त्यांना अंधारातही कळले असते. त्यांनी मुलांना खांद्यावर घेतले, आम्हाला एकेकाला हात धरून काठावर नेले. काका मात्र होडीपाशीच थांबले.

आम्हाला ज्या घरी नेले ते एका कोकणी मुसलमान कुटुंबाचे होते. घरातील वृद्ध गृहस्थांनी उमेदीची वर्षे मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढली होती आणि निवृत्तीनंतर ते पुन्हा खाडीकाठी येऊन राहिले होते. त्यांनी प्रथम विचारले, तिथी कोणती हे बघितले होते का? मी होय म्हणालो, आणि पुढे काय बोलावे ते सुचले नाही. दुपारी ज्या बायकांनी पाठ फिरवली होती त्यांतल्याच दोघी त्या घरच्या सुना निघाल्या. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि त्याच दिवशी काढलेल्या मुळ्यांचे कालवण वाढले. होडीपाशी बसलेल्या काकांसाठी भाकऱ्या बांधून एक मुलगा परत चिखलातून गेला. रात्री ताई त्या सुनांमध्ये बसून बोलत असताना त्यांतल्या एकीनेच भावोजींना म्हटले, आता काढा फोटो.

साडेनऊला होडी तरंगली. चांदण्यात आम्ही परतलो. काकांनी ठरलेले बाराशे रुपयेच घेतले. वरचे दोनशे मी पुढे केले, तर ते म्हणाले की, खोळंबा तुमचाही झाला.

तो फोटो ताईच्या दिवाणखान्यात आहे. भावोजी तो प्रत्येक पाहुण्याला दाखवतात, लोक किती प्रेमळ होते ते सांगतात, आणि त्याच दमात सांगतात की होडीवाल्याने जास्त पैसे काढण्यासाठी मुद्दाम अडकवले. इतकी वर्षे मी हे ऐकत आलो. त्या माणसाने वेळ आधी सांगितली होती, दोनदा हाका मारल्या होत्या, सहा तास थंडीत होडी सांभाळली आणि एक रुपया अधिक घेतला नाही. जो होडीवाला "एकच्या आत" म्हणतो तो आपली सुट्टी कमी करत नसतो. त्याच्या शब्दाला हिशेबाचा आधार असतो, आणि त्याच्याशी घासाघीस करायचीच असेल तर ती भाड्यावर करावी, वेळेवर नव्हे.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे. होडी ठरवताना भाड्याआधी निघण्याची आणि परतण्याची वेळ विचारा. तो "कधीही चला" म्हणाला तर दुसरा होडीवाला पाहा. कॅमेरा पहिल्या तासाभरात पिशवीतच ठेवा. शक्यतो अष्टमीच्या आसपास जा, तेव्हा भांगाची भरती असते आणि पाण्याचा चढउतार कमी असतो. खर्चाचे माझे आकडे जुने झाले आहेत, ते धक्क्यावरच विचारावे. एवढी सवड नसेल तर दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीने खाडी ओलांडून पाहा. त्यात गाडीही नेता येते, पण गावे भेटत नाहीत.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवे, मुलांच्या मापाचे वेगळे. पावसाळ्यात जाऊ नका. गोवळकोटच्या बाजूला मगरी असल्यामुळे पाण्यात हातपाय सोडून बसू नका. हे आधी लिहायला हवे होते. जाण्याची तारीख नक्की झाली की येथे कळवा, पंचांग पाहून भरतीची वेळ मी काढून देतो. होडीवाल्याने सांगितलेली वेळ तिच्याशी जुळली नाही, तर त्याची खरी माना.