पंधरा रांगा पुढे

प्रिय मावशी,
पुढच्या महिन्यात आम्हाला सलग १४ तासांचा विमानप्रवास करायचा आहे. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा १० महिन्यांचा, तो माझ्या मांडीवर. दोन वर्षांपूर्वी अशाच प्रवासात मुलगी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. मागचे गृहस्थ म्हणाले, "सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला?" पुढच्या रांगेतल्या आजी सारख्या वळून बघत होत्या. एअर होस्टेस दोनदा विचारून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून धसकाच घेतलाय. या वेळी मुलांना झोपेचं औषध द्यावं का? आजूबाजूच्यांना वाटायला इयरप्लग आणि खाऊच्या गोळ्यांच्या पुड्या करून ठेवल्यात, तेवढ्याने भागेल ना? यांची सीट पंधरा रांगा पुढे, इमर्जन्सी एक्झिटपाशी आहे. त्यांना पाय पसरायला लागतात म्हणून मीच जादा पैसे भरून घेतली, त्यामुळे त्यांचा काही प्रश्न नाही. प्रश्न मुलांचा आहे.
— धास्तावलेली आई

अगं बाई,

पुड्यांचं नंतर बघू. आधी त्या पंधरा रांगा पुढच्या सीटबद्दल बोलू.

इमर्जन्सी एक्झिटपाशी वाटेल त्याला बसू देत नाहीत. वेळ पडली तर तिथल्या माणसानं दार उघडायचं असतं, बाकीच्यांना बाहेर पडायला मदत करायची असते. उड्डाणाआधी कर्मचारी येऊन त्याला तसं विचारतात आणि तोंडी होकार घेतात. म्हणून तिथे मुलं तर चालत नाहीतच, पण बहुतेक विमान कंपन्यांना लहान मुलांची जबाबदारी असलेला माणूसही चालत नाही. आता हे तुझ्या घराला लावून बघ. दोन लेकरांचा बाप त्या सीटवर बसणार तो एकाच हिशेबाने, की मुलं त्याच्याकडे नाहीत. हा हिशेब विमान कंपनीने नाही मांडला, त्यानेही नाही. तू मांडलास, वर जादा पैसे भरून.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मागच्या प्रवासातले ते खडूस गृहस्थ आहेत, आजी आहेत, एअर होस्टेस आहे. नवरा कुठेच नाही. पोरगी एवढी रडत होती तेव्हा तो होता कुठे? तुला ते लिहावंसंही वाटलं नाही. म्हणून मी तुझी कीव करणार नाही.

आता सहाव्या तासाला काय होतं ते सांगते. दिवे मंद केलेले. पोरगं मोठ्या मुश्किलीनं झोपलंय, त्याचं डोकं तुझ्या डाव्या कोपरात, हाताला मुंग्या आलेल्या. मांडीवर मूल म्हणून ट्रे उघडता आला नाही, जेवण न खाताच परत गेलं. आणि मुलगी म्हणते, "आई, शू." साडेचार वर्षांच्या मुलीची शू थांबत नसते. विमानातलं टॉयलेट म्हणजे एकटं माणूस कसंबसं वळेल एवढी जागा, दोन पोरांना घेऊन त्यात शिरणार कशी? बाळाला सीटवर टाकून जाता येत नाही. मग तू काय करशील? शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात झोपलेलं मूल देशील. पुडी देऊन ज्याची आधीच माफी मागितलीस, त्याच्याच. आणि मुलांचा बाप पुढे डोळ्यांवर पट्टी बांधून, पाय पसरून. बिचाऱ्याला कुणी उठवलंच नाही.

तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. तू त्याला कधी विचारलंच नसशील, अशी मला दाट शंका आहे. आपल्यावाचून पोरांचं पान हलत नाही यात एक चोरटं सुख असतं. मीही ते भरपूर भोगलंय आणि नंतर त्याचं बिल भरलंय.

झोपेचं औषध: मुलांच्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय थेंबभरही नाही. सर्दीच्या ज्या औषधानं गुंगी येते त्यानंच काही मुलं उलट उधळतात, आणि तान्ह्याच्या श्वासाशी तर खेळच नको. विषय संपला.

तू एकच कर. आज विमान कंपनीला फोन लाव आणि त्याची सीट तुमच्याशेजारी आण. विमानात चढल्यावर कुणाला तरी विनवू, असं म्हणू नकोस. चार माणसांनी वळून बघितलं तर तुला मेल्यासारखं होतं, तू काय कुणाला सीट मागणार? त्याच फोनवर बाळाचा पाळणा लागतो त्या भिंतीपुढच्या रांगेचंही विचार, पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. पाळण्याला वजनाची मर्यादा असते आणि बेल्टचा दिवा लागला की गाढ झोपलेलं मूलही उचलावंच लागतं. ते उचलायलाही बापच बरा.

नवऱ्याला विचारायचं नाही, सांगायचं. पहिले सात तास त्याचे. बाळ त्याच्या मांडीवर, मुलगी मध्ये, तू कडेला. पाजायची वेळ झाली तर पाज आणि परत दे. त्यानं डायपर उलटा लावला तरी मान वळवायची नाही. हेच तुला सगळ्यात जड जाणार आहे, टॉयलेटच्या खेपांपेक्षाही.

विमान खाली यायला लागलं, म्हणजे साधारण शेवटचा अर्धा तास, की मात्र दोघं जागे राहा. हवेचा दाब बदलतो, कानात दडे बसतात. मोठी माणसं आवंढा गिळतात, बाळाला ते सुचत नाही म्हणून ते टाहो फोडतं. तेव्हा त्याला जागं करून दूध द्यायचं, मुलीला पाण्याचे घोट. गिळलं की कान मोकळे होतात. त्या गृहस्थांच्याही कानात तेव्हा दडे बसतातच, ते फक्त रडत नाहीत.

पोचल्यावर मुलं रात्री दोनला टक्क जागी होतील. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, तेव्हा हे काही रात्री चालायचं. तिथेही पाळी लावा. त्याला दुसऱ्या दिवशी ताजंतवानं असायला लागतं, हे मला लिहून पाठवू नकोस.

आणि त्या पुड्या. वाटायच्या असतील तर वाट, माझी हरकत नाही. फक्त इयरप्लगची एक जोडी काढून तुझ्या पर्समध्ये ठेव. पहिल्या सात तासांना लागेल.

— मावशी