सोनोग्राफी नॉर्मल आली, मग पीआयडी कसा?

या वेळी निम्मे तरी प्रश्न पीआयडीच्या रिपोर्टचे आहेत, म्हणजे गर्भाशय, गर्भनलिका, बीजांडकोश या भागात जंतुसंसर्ग होऊन जी सूज येते त्याचे. म्हणून एकत्रच घेतलेत.

प्रश्न : डॉक्टर, चार दिवस झाले ओटीपोटात दुखतंय, अंगावरून पिवळसर जातंय, संबंधाच्या वेळी पण दुखतं. डॉक्टरांनी आतून तपासलं तेव्हा तर मी ओरडलेच. त्यांनी लगेच पीआयडी म्हणून गोळ्या चालू केल्या आणि सोनोग्राफी सांगितली, ती आली एकदम नॉर्मल. आता घरचे म्हणतात रिपोर्टमध्ये काहीच नाही तर एवढी अँटिबायोटिक्स कशाला? बंद करू का?

उत्तर : अजिबात नका बंद करू. पीआयडीचं निदान मुळात मशीनवर होत नाही, तपासणाऱ्या हाताने होतं. ओटीपोटात दुखतंय, दुसरं कारण सापडत नाहीये, आणि आतून तपासताना गर्भाशयाचं तोंड हलवलं की दुखतं किंवा गर्भाशय दाबल्यावर किंवा बाजूला नळ्यांपाशी दाबल्यावर दुखतं, यातलं एक जरी असलं तरी उपचार सुरू करायचे असाच नियम आहे. तुम्ही ओरडलात ना, तोच तुमचा रिपोर्ट.

आणि सोनोग्राफी नॉर्मल का आली ते पण सांगते. निरोगी गर्भनलिका सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतच नाही, इतकी बारीक असते ती. आत पाणी किंवा पू साठला, भिंत जाड झाली की मगच दिसायला लागते, सुरुवातीच्या दिवसांत सूज नुसती आतल्या अस्तराला असते तेव्हा स्क्रीनवर काय दिसणार? तुमच्या नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की अजून पू साठून गोळा झालेला नाही, आणि ही चांगलीच बातमी आहे. दिसेपर्यंत थांबलो तर नळ्या आतून चिकटतात, मग पुढे मूल न राहणं, गर्भ नळीतच रुजणं, कायमचं दुखणं, हे सगळं मागे लागतं.

कोर्स साधारण १४ दिवसांचा असतो, बरं वाटलं तरी पूर्ण करा. ७२ तासांत काहीच फरक नाही, ताप वाढला, उलट्या होऊन गोळ्या पोटात राहत नाहीत, तर परत जा. प्रेग्नन्सी टेस्ट झाली नसेल तर ती आजच करा, नळीतल्या गर्भाचं दुखणं अगदी असंच असतं. आणि जोडीदाराला पण औषध लागतं, ते बहुतेक जण विसरतात (खरं तर टाळतात). दोघांचे उपचार होईपर्यंत संबंध नकोत.

प्रश्न : मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तर रिपोर्टमध्ये 'बल्की युटेरस, मिनिमल फ्लुइड इन पीओडी, पीआयडी?' असं आलंय. मला काहीच त्रास नाही. दोन रात्री झोप नाही.

उत्तर : ते प्रश्नचिन्ह बघा ना, ते उगाच नाही दिलेलं. पीओडी म्हणजे गर्भाशयाच्या मागची खोलगट जागा. बीज फुटल्यावर तिथे थोडं पाणी येतंच, पुष्कळ बायकांना येतं. आणि दोन बाळंतपणं झाली की गर्भाशय थोडं मोठं दिसतं. नुसत्या या दोन ओळींवर अँटिबायोटिकचा कोर्स घ्यायचा नसतो, आणि मला वाटतं अशा रिपोर्टवर गरजेपेक्षा जास्त कोर्स दिले जातात. फक्त एक, क्लॅमिडिया हा संबंधातून पसरणारा जंतू बऱ्याचदा काही लक्षण न दाखवता बसून असतो, त्यामुळे नवीन जोडीदार वगैरे असेल तर एकदा आतून तपासून स्वॅब देऊन टाका. नाहीतर झोपा निवांत.

प्रश्न : बहिणीला ताप आणि दुखणं दहा दिवस होतं. आतून केलेल्या सोनोग्राफीत 'जाड भिंतीची नळी, कॉगव्हील साइन, उजवीकडे ६ सेंमीचा ट्यूबो-ओव्हेरियन मास' आलंय. ती अ‍ॅडमिट आहे. एक डॉक्टर म्हणतात एमआरआय करू, दुसरे म्हणतात सीटी, आम्ही काय समजायचं?

उत्तर : हा रिपोर्ट वेगळा आहे, इथे शंकेला फारशी जागा नाही. नळीची भिंत ५ मिमी किंवा जास्त जाड झाली की ती सुजलीय असं धरतात, आणि आतल्या सुजलेल्या घड्या आडव्या छेदात दातेरी चाकासारख्या दिसतात, ते कॉगव्हील. हे ताज्या आजाराचं लक्षण. जुना आजार असेल तर उलट भिंत पातळ आणि तिच्यावर २-३ मिमीचे मण्यांसारखे ठिपके दिसतात. आतलं पाणी काळंशार दिसलं तर नुसतं पाणी, धुरकट दिसलं तर पू असण्याची शक्यता जास्त. नळी आणि बीजांडकोश चिकटले पण वेगवेगळे ओळखू येतायत, का सगळा मिळून एकच गोळा झालाय, हे त्यांना जरूर विचारा, कारण एकच गोळा म्हणजे गळू, आणि त्याला शिरेतून अँटिबायोटिक लागतं, कधी सोनोग्राफीत बघत सुईने पू काढावा लागतो. गोळा जेवढा मोठा तेवढी नुसत्या औषधाने जिरायची शक्यता कमी.

आता एमआरआय का सीटी. नजर एमआरआयची जास्त तीक्ष्ण, यात वाद नाही. १९९९ मध्ये ३० बायकांचा एक छोटा अभ्यास छापून आला होता, त्यात पोटात दुर्बीण घालून पीआयडी पक्का झालेल्या २१ जणींपैकी २० जणींचा एमआरआयमध्ये दिसला, आतून केलेल्या सोनोग्राफीत १७ जणींचा. रेडिएशन पण नाही. एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजाराची) रक्ताची गाठ आणि पुवाची गाठ सोनोग्राफीत कधीकधी सारख्याच दिसतात, तिथे एमआरआय कामाला येतो. पण वेळ लागतो, सगळीकडे लगेच मिळत नाही.

सीटी लगेच होतो आणि सगळं पोट एका दमात दिसतं. पेशंट खूप आजारी आहे, अपेंडिक्स फुटलंय का आतड्याचं काही आहे हेच कळत नाहीये, तेव्हा सीटीच करतात, आणि ते बरोबरच आहे. बहिणीला उजव्या बरगडीखाली पण दुखतंय का? संसर्ग कधी यकृताच्या आवरणापर्यंत जातो, आणि ते सीटीत दिसू शकतं. म्हणजे दोन्ही डॉक्टर चुकीचे नाहीत, त्यांना नेमकी कसली शंका आहे ते विचारा, त्यावर टेस्ट ठरते. उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नाहीत. आणि बरी झाल्यावर परत एकदा सोनोग्राफी करून गोळा खरंच गेला का ते बघायचंच, पाळी गेलेली असेल तर जास्तच, कारण त्या वयात अशा गोळ्यामागे कॅन्सर नाही ना हे बघावं लागतं.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, संबंध कधीच आलेले नाहीत. पोटात दुखतं म्हणून गेलो तर आतून सोनोग्राफी म्हणाले. करू द्यायची का?

उत्तर : संबंध आलेले नसतील तर लघवी भरून पोटावरून करतात, तेवढ्यावर भागलं नाही तर तिच्या संमतीने गुदद्वारातून किंवा एमआरआय करता येतो. संबंध नसताना पीआयडी क्वचितच होतो, त्यामुळे आधी अपेंडिक्स, बीजांडकोशाला पडलेला पीळ हे बघतील. एक विनंती मात्र, डॉक्टरांना तिच्याशी पाच मिनिटं एकटीशी बोलू द्या. आईसमोर विचारलं तर उत्तर आईसाठीचं मिळतं.

प्रश्न : कॉपर-टी बसवल्यावर महिन्याच्या आतच पीआयडी निघाला. काढायलाच लागेल का? आणि नळ्या उघड्या आहेत का बघायला एचएसजी लगेच करून घेऊ का?

उत्तर : कॉपर-टी लगेच काढावी लागत नाही, आधी औषध सुरू करतात, दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर काढायचा विचार करतात. एचएसजी आत्ता नकोच, त्यात एक्स-रेत दिसणारं द्रव्य दाबाने नळ्यांत सोडतात, संसर्ग चालू असताना ते केलं तर तो आणखी वर ढकलला जाईल. मूल हवं असेल तेव्हा, सगळं पूर्ण शमल्यावर बघू.