मध्ययुगीन ख्रिस्ती साधूंचे संघ चॅपलमधल्या (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहांतल्या) संतचित्रांतून स्वतःची जाहिरात करत होते का?

हो, आणि बऱ्यापैकी उघडपणे. फ्लॉरेन्सच घ्या. तिथे फ्रान्सिस्कनांचं सांता क्रोचे आणि डोमिनिकनांचं सांता मारिया नोव्हेला ही दोन मोठी चर्च. दोघेही भिक्षेवर जगणारे संघ, त्यामुळे श्रोते आणि देणगीदार दोघांनाही हवेत.

सांता मारिया नोव्हेलातलं 'स्पॅनिश चॅपल' (मुळात हे साधूंचं सभागृह) चित्रकार आंद्रेआ दी बोनायूतोने १३६५च्या सुमारास रंगवायला घेतलं. एका भिंतीवर डोमिनिकन पंडित थॉमस अक्वायनस सिंहासनावर बसलाय आणि पायाशी एरियस आणि सॅबेलियस (चर्चने पाखंडी ठरवलेले ख्रिस्ती) आणि मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रश्द हे 'हरलेले' विरोधक. समोरच्या भिंतीवर काळे-पांढरे कुत्रे लांडग्यांवर, म्हणजे पाखंड्यांवर, तुटून पडतात. कुत्रेच का? संघाचा वेष पांढरा, त्यावर काळा झगा. शिवाय लॅटिनमध्ये 'दोमिनी कानेस' म्हणजे प्रभूचे कुत्रे. चक्क कोटी! श्रद्धेचा कळप आम्हीच राखतो, असा दावा त्यात आहे.

सांता क्रोचेत चित्रकार जोत्तोने फ्रान्सिस्कनांचा संस्थापक संत फ्रान्सिस याचं आयुष्य रंगवलं, तेही बार्दी या सावकार घराण्याच्या चॅपलमध्ये. गरिबीचं व्रत आणि पैसा पेढीवाल्यांचा, ही गंमत मला नेहमी वाटते. त्याच चॅपलमध्ये तुलूझचा लुईही आहे: राजगादी सोडून फ्रान्सिस्कन झालेला, १३१७मध्ये संतपद मिळालेला राजपुत्र. संघाचं वजन वाढवायला याहून चांगला माणूस कुठला?

जवळचं, पण मध्ययुगानंतरचं उदाहरण पाहायचं तर जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च. मुख्य वेदीवर जेझुइट या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाचा भव्य पुतळा आहे, आणि त्याच संघातला संत फ्रान्सिस झेवियर याचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीवर त्याच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत.