कोर्ट लाइन ही ब्रिटिश चार्टर (म्हणजे सहल कंपन्यांना भाड्याने विमाने पुरवणारी) विमान कंपनी १९७४ मध्ये केवळ तेलाच्या भाववाढीमुळे बुडाली का?

नाही, तेलाच्या भाववाढीने शेवटचा धक्का दिला हे खरे असले, तरी मूळ दुखणे अतिस्वस्त सहलींच्या धंद्यात कंपनी आकंठ गुंतली, हे होते. इंग्लंडमधील ल्यूटनहून भूमध्य समुद्राकाठी गुलाबी, नारिंगी रंगांची विमाने नेणाऱ्या या कंपनीचे सारे गणित विमान गच्च भरलेले आणि सतत उडते ठेवण्यावर चाले. इतके की परतीचे थंड जेवणसुद्धा निघतानाच आसनाच्या पाठीतील कुलूपबंद कप्प्यात भरून ठेवत. ही युक्ती मला आजही कौतुकास्पद वाटते. परंतु १९७३ मध्ये कंपनीने सुमारे ४०० आसनांची लॉकहीड ट्रायस्टार विमाने आणली आणि त्याच वर्षी आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेली, तोट्यात चाललेली क्लार्कसन्स ही सहल कंपनीही गळ्यात घेतली. त्यानंतर इंधन महागले, सहलींची मागणी घटली आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी व्यवहार थांबला, तेव्हा हजारो पर्यटक परदेशात अडकले. मात्र ग्राहकांच्या नुकसानीचा सगळा दोष कंपनीच्या माथी मारता येत नाही: जूनमध्ये मंत्री टोनी बेन यांनी त्या उन्हाळ्यातील सहली सुरक्षित असल्याचा दिलासा संसदेत दिला होता, आणि त्याबद्दल संसदीय लोकपालाच्या १९७५ च्या अहवालाने सरकारलाही काही अंशी जबाबदार धरले. बुडालेल्या पैशांच्या भरपाईसाठी त्याच वर्षी कायद्याने राखीव निधी उभारण्यात आला.