बढती मागितली, तर साहेबांच्या डोळ्यांवर येईन का?

नोकरी करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा पगार-बढतीचा विषय बहुधा उठता उठता निघतो. आधी झोप लागत नाही, बाळावर चिडचिड होते, असं सुरू होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेली ही तरुणीही तशीच आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपवून ती परतली, तर काम बदललेलं. पूर्वी ती प्रॉडक्शन लाइनवर कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, तपासायची, रिजेक्शन वाढलं की ते ओतणाऱ्या फाउंड्रीवाल्यांना जाब विचारायची. आता दिवसभर रिपोर्ट भरायचे. तिनेच शिकवलेला मुलगा सुपरवायझर झाला होता. साहेब म्हणाले, "बाळ लहान आहे, उगाच धावपळ नको." सासूबाई म्हणाल्या, "पगार मिळतोय न्हवं? मग कशाला वाकडं घ्यायचं?"

एवढी चांगली माणसं आणि आपल्याला राग येतो, म्हणून ती स्वतःलाच दोष देत होती. साहेबांचा हेतू चांगला असेलही. पण तिला न विचारता काम काढून घेतलं, हे नुकसानच आहे आणि त्याचा राग येणं रास्त आहे. मी विचारलं, "गेल्या वर्षी बाप झालेल्या कुणाची लाइन बदलली?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही. उलट जबाबदारी वाढली म्हणून एकाला इन्क्रिमेंट मिळालं."

मग आम्ही कागद घेतला. रजेआधीचं काम, नंतरचं काम, तारखा. कायद्याचंही बोललो. समान कामाला समान वेतन १९७६ पासून कायद्यात आहे. १९८७ च्या दुरुस्तीने त्या वेळच्या कायद्यात बढती, प्रशिक्षण आणि बदलीतही बाई म्हणून डावलायला मनाई झाली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. प्रसूती रजेच्या काळात सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. तरी साहेबांशी पहिल्याच भेटीत कायदा पुढे करू नये, असं माझं मत आहे. तो पाठीशी आहे हे माहीत असलं, की आवाज कापत नाही.

बोलायचं एवढंच ठरलं: "मला लाइनवर परत यायचं आहे. पुढच्या बढतीचे निकष लेखी कळवाल का?" सराव करताना ती दर वेळी शेवटी "सॉरी सर" जोडायची. ते सुटायला वेळ लागला. भेट झाली की त्याच दिवशी बोलणं ई-मेलवर नोंदवायचं, हे मी प्रत्येकीला सांगते.

डोळ्यांवर येण्याची भीती खोटी नव्हती. काही दिवस साहेब तुटक बोलले, "आता मॅडमना जपून" असे टोमणेही आले. नवऱ्याला तिने आधीच विश्वासात घेतलं होतं, त्याचा आधार झाला.

लाइन तिला परत मिळाली. भागांची मापं अचूक तपासणाऱ्या सीएमएम मशीनच्या प्रशिक्षणालाही नाव गेलं. सुपरवायझरपद अजून नाही. पुढची जागा निघेल तेव्हा द्यायचा अर्ज मात्र तिने आत्ताच लिहून ठेवला आहे.