उपचार दूरच्या केंद्रात, पण तयारी घरूनच

प्रश्न : माझे वय ३४ असून दोन्ही गर्भनलिका बंद असल्याचे निदान झाल्यावर आम्ही आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचा, निर्णय घेतला आहे. आम्ही निवडलेले केंद्र घरापासून फार दूर आहे. ‘पाळीच्या दुसऱ्या दिवशी हजर राहा, साधारण तीन आठवडे लागतील,’ एवढेच त्यांनी फोनवर सांगितले. माझ्या पतींना सलग इतकी रजा मिळणे अवघड आहे. परतीचे तिकीट कोणत्या तारखेचे काढावे, मी एकटीने जाऊन चालेल का, आणि गर्भरोपणानंतर एवढा प्रवास केल्यास काही धोका असतो का?

उत्तर : परतीचे तिकीट आत्ताच काढू नका, आणि काढावेच लागले तर तारीख बदलता येईल असे काढा. स्त्रीबिजे काढण्याचा दिवस तुमच्या अंडाशयातील फॉलिकल (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या पाण्याच्या छोट्या पिशव्या) किती वेगाने वाढतात यावर ठरतो आणि तो आगाऊ कोणालाच नक्की सांगता येत नाही. ती वाढवणारी इंजेक्शने पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन साधारणपणे ८ ते १४ दिवस चालतात, मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते, आणि मोठे फॉलिकल १७-१८ मिलिमीटरच्या आसपास पोचले की ‘ट्रिगर’ म्हणून ओळखले जाणारे शेवटचे इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबिजे काढतात. म्हणजे सोमवारी रात्री १० वाजता ट्रिगर घेतले, तर बुधवारी सकाळी ८ ते १० च्या दरम्यान तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये असाल. ही एकच वेळ अशी आहे की जिथे तासाभराची चूकही महागात पडू शकते, म्हणून ती कागदावर लिहून घ्या आणि दोघांच्याही फोनवर गजर लावा.

रजेचा प्रश्न सोडवण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे उपचार दोन फेऱ्यांत विभागणे. पहिल्या फेरीत स्त्रीबिजे काढून, प्रयोगशाळेत तयार झालेले भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवशी गोठवले जातात. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षे सुरक्षित राहतात. दुसऱ्या फेरीची बहुतेक तयारी मग घरीच होऊ शकते. पाळीनंतर सुमारे दोन आठवडे इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) गोळ्या, तुमच्याच गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गर्भाशयाच्या अस्तराची सोनोग्राफी, अस्तर साधारण ७ मिलिमीटरच्या वर गेले की प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक, आणि ते सुरू केल्याच्या साधारण सहाव्या दिवशी पाच दिवसांच्या भ्रूणाचे रोपण. म्हणजे केंद्रात फक्त शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी जावे लागते. ‘ताजे’ रोपणही, म्हणजे भ्रूण न गोठवता त्याच फेरीत केलेले रोपणही, योग्य असते, परंतु इतक्या अंतरावरून येणाऱ्या जोडप्याने गोठवण्याच्या पर्यायाचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा असे माझे मत आहे. भ्रूण गोठवल्यास ते किती काळ ठेवायचे, पुढे काय करायचे, याची संमतिपत्रे दोघांना सही करावी लागतात. ती आधीच मागवून घरी शांतपणे वाचा.

एकटीने जाण्याबद्दल : इंजेक्शनांचे दिवस तुम्ही एकटीने काढू शकता, परंतु स्त्रीबिजे काढताना भूल दिली जाते आणि पुढचे २४ तास सोबत कोणीतरी जबाबदार व्यक्ती असणे आवश्यक असते. ती व्यक्ती पतीच असली पाहिजे असे नाही. बहीण किंवा मैत्रीणही चालेल. पतींना त्या दिवशी पोचणे जमणार नसेल तर त्यांचा वीर्याचा नमुना आधीच गोठवून ठेवण्याची सोय बहुतेक केंद्रांत असते. मात्र ऐनवेळी हे सुचवू नका. पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

स्त्रीबिजे काढल्यावर दुसऱ्याच दिवशी परतू नका. काही स्त्रियांमध्ये अंडाशय प्रमाणाबाहेर सुजतात आणि पोटात पाणी साठते, आणि हा त्रास बहुतेकदा ट्रिगरनंतरच्या पहिल्या आठवड्यात दिसतो. गर्भ राहिल्यास तो दहा-बारा दिवसांनी नव्याने सुरू होऊ शकतो. पोट झपाट्याने फुगणे, वजन भराभर वाढणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या, धाप लागणे किंवा एकाच पायाला सूज येणे यांपैकी काही दिसले तर गाडीत बसू नका, केंद्राला कळवा. घरी परतण्याआधी एका पानाचा सारांश मागून घ्या : औषधांची नावे व मात्रा, ट्रिगरची तारीख आणि प्रकार, किती स्त्रीबिजे मिळाली, पुढे काय घ्यायचे. मध्यरात्री तुमच्या जवळच्या डॉक्टरांना हाच कागद उपयोगी पडतो, जाडजूड फाइल नव्हे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट नक्की विचारा. बंद नलिकेत पाणी साठलेले असेल तर ते गर्भाशयात झिरपून भ्रूणाला अपायकारक ठरते, आणि अशा वेळी रोपणापूर्वी ती नलिका काढण्याचा किंवा तिचे तोंड बंद करण्याचा सल्ला दिला जातो. हे तिकडे पोचल्यावर कळले तर सारी रजा वाया जाते. म्हणून नलिकांचे जुने रिपोर्ट आणि फिल्म आधीच पाठवा. फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आतापासून सुरू करा. एचआयव्ही, हेपेटायटिस बी व सी आणि सिफिलिस यांच्या तपासण्या दोघांच्याही लागतात. केंद्र किती जुने रिपोर्ट मान्य करते ते विचारून मगच करा.

काही इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. बर्फाची पिशवी थेट औषधाला लावू नका, कारण गोठलेले औषध वापरता येत नाही. विमानाने जात असाल तर ती हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

रोपणानंतरच्या प्रवासाबद्दल अकारण भीती बाळगू नका. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात; भ्रूण हादऱ्याने बाहेर पडत नाही आणि झोपून राहिल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही. तासा-दोन तासांनी उठून चालणे आणि पाणी पीत राहणे मात्र जरूर करा. साधारण १० ते १४ दिवसांनी रक्ततपासणी होते. ताज्या रोपणात एचसीजीचा (गर्भचाचणीत जे संप्रेरक तपासतात त्याचाच) ट्रिगर घेतला असेल तर घरगुती चाचणी त्याआधी खोटी आशा दाखवू शकते. रक्तस्राव दिसला तरी प्रोजेस्टेरॉन मनाने थांबवू नका. आणि ते तेलातील इंजेक्शनच्या स्वरूपात दिले असेल, तर घरी ते रोज कोण टोचणार हे परतण्याआधी ठरवा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मी आणि पत्नी आयव्हीएफसाठीच परगावी जाणार आहोत. तीन आठवड्यांपूर्वी मला चार दिवस सडकून ताप आला होता. त्याचा काही परिणाम होईल का?

उत्तर : होऊ शकतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे मोठ्या तापाचा परिणाम दोन-तीन महिन्यांपर्यंत दिसतो. निघण्यापूर्वी २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळून वीर्यतपासणी पुन्हा करून घ्या आणि तो रिपोर्ट केंद्राला पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत प्रति मिलिलिटर १.६ कोटी शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा धरली आहे, परंतु संख्या त्याहून कमी आली तरी प्रत्येक स्त्रीबिजात एकच शुक्राणू सोडण्याच्या इक्सी पद्धतीने उपचार होऊ शकतात. तारीख पुढे ढकलायची की नाही, हे नवा रिपोर्ट पाहून तेथील डॉक्टरांनाच ठरवू द्या. जुना, तापापूर्वीचा रिपोर्टही सोबत जोडा, म्हणजे त्यांना तुलना करता येईल.